पोटखराबा

आमच्या गावच्या डोंगराच्या सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलं आहे १ हेक्टर ३१ आर. त्याखाली फोड आहे: वरकस २७ आर, पोटखराबा १ हेक्टर ४ आर. दापोलीच्या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिथे पूर्वी नाचणी, वरी व्हायची, गवत कापलं जायचं, राबासाठी कवळ तोडला जायचा. पोटखराबा म्हणजे खातेदाराच्या क्षेत्राच्या पोटात असलेला लागवडीला निरुपयोगी भाग. त्यावर आकारणी नाही, कारण सरकारच्या लेखी तिथे काही उगवत नाही. आमच्या त्या १ हेक्टर ४ आरमध्ये ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, कुंभा अशी सहाशेच्या आसपास झाडं उभी आहेत.

महसुलाची भाषा ही आम्हा उर्दू-मराठी दोन्ही शिकवणाऱ्यांसाठी गंमतच असते. जिराईत म्हणजे आपली जिराअत, बागाईत बाग मधून आलेलं, पैमाश म्हणजे पैमाइश. तहसील, तालुका, जमीन, मालक, वारस, सगळे शब्द एकाच घराण्यातले. खराबा हाही तिथलाच. उर्दूत खराबा म्हणजे उजाड, ओसाड पडलेली जागा, शायरीत जिथे दिवाने भटकतात ती. मराठी दप्तरात आल्यावर त्याच्या पुढे पोट लागलं आणि तो हिशोबाचा शब्द झाला. शायरी गेली, अर्थ मात्र राहिला. आणि हल्ली नियम असा आहे की पोटखराब क्षेत्र लागवडीखाली आणलं तर ते लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येतं. म्हणजे झाडं काढून काहीतरी लावलं की कागद सुधारतो. झाडं राखली तर कागदावर ते खराबच राहतं.

हे सगळं मी इतक्या बारकाईने वाचायचं कारण मागच्या वर्षी दोन माणसं आमच्याकडे आली. पहिला तोडीचा ठेकेदार. त्याने डोंगर पाहिला आणि उभ्या झाडांचे एकरकमी दीड लाख सांगितले. कोकणात ही पद्धत जुनी आहे, दर दहा-पंधरा वर्षांनी खासगी रान विकलं जातं, लाकूड वीटभट्टीला आणि कारखान्यांच्या बॉयलरला जातं, बुंध्यांना पुन्हा पालवी फुटते. ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, त्यामुळे परवानगी लागते, पण परवानगीचं मी बघतो असं प्रत्येक ठेकेदार म्हणतोच. दुसरा आला तो एक तरुण, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. तो म्हणाला झाडं तोडू नका, झाडांमधला कार्बन विका. त्याच्या कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशा बऱ्याच फिरत आहेत.

सातबाऱ्यावर आमची तेवीस नावं आहेत. दादांपासून चार मुलगे, दोन मुली, मग त्यांच्या वारसनोंदी. फराइजच्या हिशोबाने माझा हिस्सा भाईच्या निम्मा. पण सही मात्र निम्मी चालत नाही, पूर्ण लागते, म्हणून मलाही विचारणं भाग होतं. तेवीसपैकी नऊ जण आखातात किंवा मुंबईत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दीड लाखाचा मेसेज पडला तेव्हा बहुतेकांनी अंगठा दाखवून सोडून दिलं. गप्प राहिल्या त्या धाकट्या चाची. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं, "माझ्या वाट्याला किती येतील गो?"

मी म्हटलं आधी काय विकतोय ते तरी मोजू.

झाडाचा कार्बन मोजायची रीत ऐकायला कठीण आणि करायला सोपी आहे. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर घ्यायचा. उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मोजायचं. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. मग उंची. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी कंपासपेटीतला कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा आणि एक नट यांतून कोन मोजायचं यंत्र केलं होतं. ते मी मागून आणलं. घेरासाठी अम्मीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. ती दीडशे सेंटिमीटरला संपते हे पऱ्याजवळच्या पहिल्याच ऐनाने दाखवून दिलं. मग दोरी गुंडाळायची आणि दोरी टेपवर मोजायची, असं सुरू झालं.

भारतीय वन सर्वेक्षण बरीच वर्षं ०.१ हेक्टरचे नमुना तुकडे आखून मोजणी करत आलं. ०.१ हेक्टर म्हणजे आपले जवळजवळ दहा गुंठे. दहा गुंठ्यांचे तीन चौकोन मी आणि माझा भाचा यांनी आखले: एक वर कातळाला लागून, एक मधल्या उतारावर, एक खाली पऱ्याच्या काठाला. दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त व्यासाचं प्रत्येक झाड वहीत. प्रत्येकाला चुन्याचा पट्टा आणि नंबर. तीन रविवार गेले. भाई वर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "झाडांची हजेरी घेतेस काय?" एका अर्थाने तेच चाललं होतं.

पऱ्याजवळचा ऐन क्रमांक १७ घ्या. घेर १५७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ५०. उंची साधारण १५ मीटर. ऐनाचं लाकूड जड, घनमीटरला सातशे किलोंच्या वर. हे तीन आकडे एका समीकरणात घालायचे. आपल्याकडे वन सर्वेक्षणाची प्रत्येक जातीची वेगळी समीकरणं आहेत. उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही झाडाला चालेल असं एक समीकरण जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिलं, मी ते वापरलं. त्यामागे ५८ ठिकाणची चार हजारांहून जास्त झाडं आहेत, जी तोडून, तुकडे करून, खरोखर तराजूवर वजन केलेली आहेत. झाड न तोडता त्याचं वजन सांगता यावं म्हणून एकेकाळी एवढी झाडं तोडावी लागली.

ऐन क्रमांक १७ चं जमिनीवरचं सुकं वजन निघालं सुमारे १.४४ टन. मुळांसाठी पाव भाग वाढवला, १.८ टन. लाकडाच्या सुक्या वजनात कार्बन साधारण ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ ८५० किलो. हवेतून ओढलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर त्याला ३.६७ ने गुणायचं. ३.१ टन. एक झाड.

भाच्याने विचारलं, आपली काजू किती भरेल? खालच्या वाडीतली एक पंधरा वर्षांची कलमी काजू मोजली. व्यास २०, उंची ६ मीटर, लाकूड हलकं. मुळांसकट कार्बन डायऑक्साइड निघाला १३० किलोंच्या आसपास. सात-सात मीटरवर लावली तर दहा गुंठ्यांत काजूची वीस झाडं बसतात. ती वीसच्या वीस मिळून एका ऐनाइतकी भरत नाहीत.

आता यातली खरी गोष्ट. आकाशातून बघितलं तर काजूची ती बाग आणि ऐनाचं हे रान, दोन्ही 'वनाच्छादन'. कारण वन सर्वेक्षणाची व्याख्याच तशी आहे: एक हेक्टर किंवा अधिक जागा, झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के किंवा जास्त, मग जमीन कोणाची, कायद्याने ती वन आहे की नाही, झाडं कोणती, हे काही बघायचं नाही. आंब्याची बाग, नारळ, बांबू, रबर, सगळं त्यात येतं. व्याख्या लबाड आहे असं मी म्हणणार नाही. उपग्रहाला सातबारा दिसत नाही, छत्र दिसतं, म्हणून जे दिसतं त्याची व्याख्या केली. पण वर्तमानपत्रात तो आकडा 'जंगल वाढलं' म्हणून छापला जातो तेव्हा मला आमच्या वहीतली काजू आठवते. रत्नागिरी जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग या मोजणीत वनाच्छादित दिसतो, आणि सरकारी वन मात्र इथे अगदी नगण्य. बाकी सगळं आमच्यासारख्या तेवीस-तेवीस नावांच्या सातबाऱ्यांवर उभं आहे. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागांना अनुदान सुरू झालं आणि आंबा-काजू डोंगरावर चढली. त्यातून घरं चालली, मुलं शिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या बागा वाईट नाहीत. एवढंच की रान तोडून बाग केली तर वनाच्छादनाच्या रकान्यात काही वर्षांनी सगळं जागच्या जागी दिसतं आणि कार्बनच्या रकान्यात खड्डा पडलेला असतो.

देशाचा हिशोब असा: २०२३ चा वनस्थिती अहवाल, जो डिसेंबर २०२४ मध्ये आला, त्यात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के. वनांतला एकूण कार्बन ७२८.५५ कोटी टन, आधीच्या मोजणीपेक्षा ८.१५ कोटी टन जास्त. कार्बन पाच कप्प्यांत मोजतात. जमिनीवरचं झाड, जमिनीखालची मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. पहिल्या कप्प्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण भारताच्या वनांतला अर्ध्याहून जास्त कार्बन शेवटच्या कप्प्यात, मातीत आहे. आमच्याकडे बाग करायची म्हणजे आधी जेसीबी येतो. उतार कापून पायऱ्या होतात, तांबडी माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात पऱ्या लाल होऊन वाहतो. तो लाल रंग कोणत्या रकान्यात लिहायचा?

जंगल या शब्दाचंही असंच. संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. आयुर्वेदात जांगल देश आणि आनूप देश असा भेद आहे, आणि जांगल हा त्यातला सुका. तोच शब्द पुढे घनदाट झाडीसाठी रूढ झाला, उर्दूतही आणि इंग्रजीतही. म्हणजे शब्दाच्या जमिनीचा वापर बदलला, फेरफार मात्र कुणी नोंदवला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात म्हटलं की वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते. भाषेची शिक्षिका म्हणून मला त्याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण कोणता शब्दकोश, कोणत्या सालचा, हा प्रश्न वर्गात एखादा आगाऊ मुलगा नक्की विचारेल.

मोजणी करताना शेजारच्या वाडीतले तात्या येऊन बसायचे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या वडिलांपासून त्यांनी आमचा डोंगर खंडाने केला होता. मी बुंध्याला दोरी गुंडाळत असताना ते म्हणाले, "अगो बाय, माझ्या तरणेपणी हय एक झाड नव्हता. नुसती नाचणी नि वरी." मग त्यांनी हाताने दाखवलं: कुठवर भाजावळ व्हायची, कोणत्या वर्षी कोणता तुकडा, दोन-तीन पिकं घेऊन तो कधी सोडून द्यायचे, पऱ्याकाठचे तीन ऐन सावलीला म्हणून कसे ठेवले होते. क्रमांक १७ त्यातलाच. बाकी रान पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं.

मग काय झालं? तात्यांचे मुलगे मुंबईला गिरणीत गेले. आणि आमचे बडे चाचा १९७०च्या दशकात कुवेतला गेले, मागून गावातली निम्मी तरणी पोरं. मनिऑर्डरी आणि ड्राफ्ट येऊ लागले. नाचणीसाठी डोंगर भाजायला हात उरले नाहीत आणि गरजही. मग आखाताच्या पैशातून घरात गॅसचा सिलिंडर आला, मोळ्या कमी झाल्या. डोंगराला कुणी वाचवला नाही, त्याच्याकडे फक्त दुर्लक्ष झालं, आणि तो वाढला. गंमत बघा, आमची माणसं तिकडे जमिनीखालचा कार्बन वर काढायला गेली, म्हणून इकडे डोंगरावर कार्बन साठला. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, प्रमाण कुठल्या कुठे आहे. तरीही कोकणातल्या रानाचा इतिहास लिहायचा तर तेलाच्या विहिरींपासून सुरुवात करावी लागेल असं मला वाटतं. सरकारी लागवड योजनांचा त्यात वाटा असेल, पण आमच्या डोंगरात नाही.

तात्यांच्या आठवणीला साक्ष हवी म्हणून मी उपग्रहाची जुनी चित्रं पाहिली. अमेरिकेचा पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ ला गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर, आमचा सगळा डोंगर दोन-तीन ठिपक्यांत संपतो. १९८०च्या दशकात ३० मीटरचा ठिपका मिळाला. ही चित्रं पूर्वी विकत घ्यावी लागत, २००८ पासून फुकट झाली आणि तेव्हापासून कुणीही शिक्षक, विद्यार्थी आपल्या गावाचा चाळीस वर्षांचा इतिहास पडद्यावर बघू शकतो. बघताना एक पथ्य पाळायचं. महिना बघायचा. आमचा ऐन-किंजळीचा डोंगर एप्रिलमध्ये टकला दिसतो, नोव्हेंबरमध्ये हिरवागार. एका वर्षीचा एप्रिल आणि दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर शेजारी ठेवले तर हवं ते सिद्ध करता येतं, जंगल वाढलं हेही आणि संपलं हेही. वन सर्वेक्षण म्हणूनच ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतं, पाऊस सरलेला आणि पानगळ सुरू व्हायची.

हिरवेपणालाही मर्यादा आहे. पानांचं छत्र एकदा मिटलं की त्याखालचं खोड वीस सेंटिमीटरचं आहे की पन्नासचं, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी आता वेगळी साधनं निघाली आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये नासाने जीईडीआय नावाचं यंत्र पाठवलं, ते लेसरचे झोत सोडून झाडांची उंची मोजतं. आणि २९ एप्रिल २०२५ ला युरोपीय अवकाश संस्थेचा 'बायोमास' उपग्रह गेला, त्याच्या रडारच्या लांब लहरी पानं ओलांडून खोडापर्यंत पोचतात. एवढ्या सगळ्याच्या मुळाशी तरीही कुणीतरी रानात जाऊन घेर मोजलेला असावाच लागतो, नाहीतर वरून आलेल्या आकड्याला अर्थ लावायचा कशाने? आमच्या तीन रविवारांना त्यामुळे थोडा भाव चढला.

आमचा हिशोब असा निघाला. कातळाजवळच्या चौकोनात जमिनीवरचं सुकं वजन ४.२ टन, मधल्या उतारावर ९.१, पऱ्याकाठी १४. सरासरी ९.१. डोंगरात दहा गुंठ्यांचे तेरा तुकडे बसतात. मुळं धरून, कार्बन काढून, ३.६७ ने गुणून, सगळा मिळून सुमारे २५५ टन कार्बन डायऑक्साइड. वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे. माती आणि पाचोळा यात नाही. हिस्से समान धरले (फराइजमध्ये ते समान नसतात हे ठाऊक आहे) तर प्रत्येक वारसाच्या नावावर अकरा टन. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन उत्सर्जन होतं, म्हणजे गावात राहणाऱ्याचे साडेपाच वर्षांचे. कुवेतमध्ये माणशी वीस टनांच्या वर जातं. तिथल्या चुलत भावाला त्याचा वाटा जेमतेम सहा महिने पुरेल. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा तो म्हणाला, एसी बंद करू का? उन्हाळ्यात पन्नास अंश असतात तिथे. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

टॅबवाला तरुण पुन्हा आला तेव्हा मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने २५५ ला भाव लावून दाखवावा अशी भाईची अपेक्षा. पण या बाजारात उभ्या झाडाला भाव नसतो. फरकाला असतो. आम्ही करार केला नसता तर जे झालं असतं, आणि करार केल्यामुळे जे होईल, या दोन्हींमधलं अंतर विकलं जातं. म्हणजे पन्नास वर्षं दुर्लक्षाने का होईना ज्याने रान राखलं, त्याच्याकडे विकायला काही नाही. ज्याचा डोंगर बोडका आहे तो झाडं लावून विकू शकतो. आता रान तोडून मग लावू असं कुणी करू नये म्हणून मोठ्या प्रमाणन संस्थांनी अट घातली आहे की लागवडीआधीच्या दहा वर्षांत तिथलं नैसर्गिक रान काढलेलं नसावं. अट चांगली आहे. ती नीट पाळली जाते का हे बघायला पुन्हा तीच जुनी चित्रं, तोच महिन्याचा घोळ.

मग एक मार्ग उरतो, तोड होणारच होती, आम्ही ती थांबवली, असं दाखवणं. त्यासाठी ठेकेदाराचा दीड लाखाचा मेसेज पुरावा म्हणून चालेल का, असं भाईने गंभीरपणे विचारलं. तरुण हसला. म्हणाला, मॅडम, तीन एकराला कुणी विचारत नाही, आम्ही दोनशे शेतकरी एकत्र करतो, तुम्ही फक्त सह्या द्या. करार चौदा पानी, इंग्रजीत. मी तो रात्री बसून वाचला आणि सकाळी चाचींना, भाईला मराठीत सांगितला. चाळीस वर्षं. कार्बनवरचे हक्क कंपनीचे. मोजणी, तपासणी, नोंदणीचा खर्च आधी वळता, मग उरलेल्यातला हिस्सा. वणवा लागला तर जबाबदारी 'भूधारकाची'. रक्कम किती, याचा आकडा चौदा पानांत कुठेही नाही. चाळीस वर्षांत या तेवीस नावांची साठ होतील, आणि ज्यांचा जन्म व्हायचा आहे त्यांच्या वतीने आम्ही सही करायची. अब्बा असते तर म्हणाले असते, अमानत गहाण ठेवता येत नाही. मी त्याला नाही म्हणून कळवलं. तो नम्र होता, वाईट वाटून घेतलं नाही.

कार्बनच्या भाषेत आणखी एक शब्द आहे, गळती. तुम्ही एका जागी तोड थांबवली आणि ती शेजारी सरकली, तर हवेच्या दृष्टीने काहीच वाचलं नाही. पुस्तकी वाटला होता मला तो. आम्ही ठेकेदाराला नाही म्हटलं त्याच महिन्यात पऱ्यापलीकडचा डोंगर गेला. आठ दिवस करवतीचा आवाज येत होता. वर्गात शिकवताना नाही, पण सुट्टीच्या दिवशी फज्रनंतर त्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

बकरी ईदला कुवेत-मुंबईची मंडळी आली तेव्हा बैठक झाली. ती काही एकमताची नव्हती. मधल्या चाचांच्या मुलाचं म्हणणं, वहीतल्या टनांनी पोट भरत नाही, काजू लावू द्या. त्याचं म्हणणं खोटं नाही. तो गावात राहतो, त्याला आखात नाही, पगार नाही. शेवटी वरकसाचे २७ आर त्याच्याकडे दिले, तिथे एरवीही झुडपंच होती. अट एकच, जेसीबी न्यायचा नाही. सात-सात मीटरवर पंचावन्न खड्डे बसले, हाताने खणलेले. राहिलेल्या पोटखराब्याला पाच वर्षं हात लावायचा नाही असं ठरलं, कागदावर नाही, तोंडी. पाच वर्षांनी ठेकेदार दीडाचे तीन म्हणेल तेव्हा काय होईल सांगता येत नाही. चाचींच्या गुडघ्यासाठी आम्ही सात जणांनी रक्कम उभी केली. ती डोंगराच्या हिशोबात धरायची नाही, असं भाईनेच सांगितलं. चाचींना ते पटलं नाही, त्यांना त्यांच्या हक्काचे पैसे हवे होते, कुणाची मेहरबानी नको होती. ऑपरेशन झालं, त्या आता काठीशिवाय चालतात. पण तो मुद्दा त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडू नयेच.

यंदा जानेवारीत दुसरी मोजणी केली, तोच महिना, तेच पट्टे. क्रमांक १७ चा घेर १५८. दोरी जरा घट्ट की सैल एवढ्याने एक सेंटिमीटर होतो, म्हणून भाच्याने तीनदा मोजला. मधल्या उतारावरचा ९ नंबरचा किंजळ पावसात उन्मळला होता. वहीत त्याला पहिल्या रकान्यातून काढून मेलेल्या लाकडाच्या रकान्यात लिहिला. चाचींना कुणीतरी सांगितलं असावं. संध्याकाळी फोन आला, पडलेला किंजळ सरपणाला मिळेल का, बिर्याणीच्या देगीला लागतो. भाच्याला दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन पाठवलं.